कॅलिपर नवा, तरी ब्रेक पुन्हा चिकटतो: जुन्या फोर-बाय-फोरचे कॅलिपर आणि होज निवडताना

दीड वर्षात पुढच्या उजव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारा भाग, तिसऱ्यांदा उतरवला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आपण भलत्याच वस्तूच्या मागे लागलोय. गाडी तिशी ओलांडलेली फोर-बाय-फोर. पुढे डिस्क, मागे ड्रम, पुढचे कॅलिपर एका पिस्टनचे फ्लोटिंग, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला आणि कॅलिपर स्लाइड पिनांवर सरकणारा. आधीच्या मालकांनी तिच्यात काय काय बदललंय ते देव जाणे.

लक्षणं अशी होती. पहिला अर्धा तास गाडी छान पळायची. मग ब्रेक मारला की स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागायचं, आणि थोड्या वेळाने ब्रेक न मारताही. सपाटीवर न्यूट्रल करून सोडली तर घरंगळायची नाही, कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबायची. उतरून चाकाजवळ हात नेला तर आच लागायची आणि पॅड जळल्याचा वास यायचा. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तेव्हा डावी डिस्क ८० अंशांच्या आसपास होती, उजवी २१० च्या वर. रात्रभर उभी राहिली की सकाळी तेच चाक हाताने मोकळं फिरायचं. हा ‘सकाळी मोकळं’ मुद्दा मी दोन वेळा कानाआड केला. खरं तर सगळं उत्तर त्यातच होतं.

पहिल्या वेळी पॅड बदलले आणि स्लाइड पिन साफ केल्या. दुसऱ्या वेळी अख्खा कॅलिपर बदलला, रिकंडिशन केलेला बसवला. तीन महिने गाडी गुणी बाळासारखी वागली, आणि मग परत तेच. तिसऱ्या वेळी कॅलिपर खोलून पाहिला तर पिस्टन चकचकीत, बूट (पिस्टनवरचं रबरी आवरण) शाबूत, पिन लोण्यासारख्या सरकत होत्या. म्हणजे कॅलिपर निर्दोष होता. गुन्हेगार त्याच्या वरच्या अंगाला, एका वीतभर रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये, बसला होता.

आधी दाब कुठे अडकतोय ते शोधा

कॅलिपर मागवण्याआधी ही तपासणी करा. गाडी गरम असताना, म्हणजे चाक चिकटलेलं असतानाच करायची, थंड गाडीवर काही कळत नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढून जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर नको.

चाक हाताने फिरत नाही याची खात्री झाली की कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळं झालं तर आत दाब कोंडला होता. काहीच फरक पडला नाही तर दोष यांत्रिक आहे: पिस्टन गंजलाय, पिन जाम आहेत किंवा पॅड आपल्या खाचेत अडकलंय.

दाब कोंडला होता असं कळलं, तर निपल बंद करून पेडल चार-पाच वेळा जोरात दाबा, चाक पुन्हा चिकटू द्या. या वेळी निपलला हात लावायचा नाही. चॅसीजवळ जिथे लोखंडी पाइप आणि रबरी होज जोडलेत, तो नट सैल करा. इथे चाक मोकळं झालं तर दाब वरूनच येतोय. झालं नाही, आणि निपल उघडल्यावर मात्र झालं, तर होज दोषी. एवढं सोपं आहे. मला हे करायला वीस मिनिटं लागली आणि सुचायला दीड वर्ष.

दाब वरून येत असेल तर बहुतेक गाड्यांत पुढची दोन्ही चाकं एकदम धरतात, कारण त्यांचं सर्किट एकच असतं. मग आधी पेडलचा फ्री प्ले बघा. पेडलचा जोर पुढे नेणाऱ्या दांडीला, म्हणजे पुशरॉडला, जरासुद्धा मोकळीक नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं (ऑइलवर दाब टाकणारा मुख्य सिलिंडर) परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाट मिळत नाही. ड्रमची गाडी पुढे डिस्कवर आणलेली असेल तर आणखी एक जागा बघा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असू शकतो. ड्रमला तो हवा असतो, पण डिस्कवर पॅड कायम घासत राहतं.

पॅडही बरंच सांगतात. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये एक पॅड झिजून पातळ झालेलं आणि दुसरं जाडजूड, किंवा पॅड तिरकं झिजलेलं दिसलं तर पिनवर संशय घ्या. दोन्ही पॅड सारखीच झिजलीत, पण त्या एकाच चाकाची, तर दाब कोंडतोय. माझी तशीच होती. समोर ठेवलेली, आणि मी ती उचलून कचऱ्यात टाकली.

होजच्या आत काय दिसलं

जुना होज काढल्यावर कुतूहल म्हणून त्यात टायरच्या पंपाने हवा मारली. मास्टर सिलिंडरच्या बाजूने मारली तर सरळ पार गेली. कॅलिपरच्या बाजूने मारली तर जेमतेम फुसफुस. मग ब्लेडने उभा चिरला. बाहेरून अगदी धडधाकट होता, एक भेग नाही. आतली भोकाची जागा मुळात तीनेक मिलिमीटरचीच. तिथल्या अस्तराचा एक पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. पेडल दाबताना ऑइल त्या जिभेला बाजूला सारून खाली जायचं, कारण पायाचा आणि बूस्टरचा जोर प्रचंड असतो. परत येताना ऑइलला ढकलायला असतो तो फक्त पिस्टनच्या सीलचा, म्हणजे त्याभोवतीच्या रबरी कड्याचा, लवचिकपणा. तेवढ्याने ती जीभ हलत नव्हती, उलट झडपेसारखी बंद व्हायची. रात्रभरात ऑइल झिरपत झिरपत परत जायचं, म्हणून सकाळी चाक मोकळं.

नव्या कॅलिपरने तीन महिने का काढले तेही यातून कळतं. नवं सील ताजं असतं, पिस्टन मागे ओढायची त्याची ताकद पूर्ण असते. अर्धवट तुंबलेला होज ते काही काळ निभावून नेतं.

दुसरी जागा होती होज चॅसीला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या ब्रॅकेटची. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे ब्रॅकेट आणि होजच्या मधे गंज फुगत गेला की तो होजला बाहेरून आवळतो. डावीकडच्या होजवर तशी दबलेली कंबर स्पष्ट दिसत होती. तो होज अजून तुंबला नव्हता इतकंच.

आणि एक कबुली. आधीच्या दोन्ही वेळी पॅड बदलताना आम्ही कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला होता. चार-पाच किलोचं लोखंड जुन्या रबराला टांगलं तर आतलं अस्तर आणखी सुटणारच. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायला एक मिनिट लागतं. ऑइल गळू नये म्हणून होज पक्कडीत चिमटणं हा तसाच गुन्हा. मेकॅनिक ते तुमच्यासमोर करत असेल तर हात धरा.

कॅलिपर निवडताना गाडीचं नाव नाही, माप बघा

आता खरेदीकडे. कॅलिपर खराबच असेल, तर तो निवडताना मॉडेल आणि सालावर विसंबू नका. तीस वर्षांत एखाद्या गाडीचा अख्खा पुढचा अॅक्सल बदललेला असतो. कंपनीनेही मधेच डिस्क जाड केलेली असते. टोयोटाच्या जुन्या हायलक्स गाड्यांत कॅलिपरच्या ओतीव अंगावरच ‘एस१२+८’, ‘एस१२डब्ल्यू’ अशी अक्षरं असतात. दुसरा रुंद, जाड डिस्कसाठीचा. तो जुन्या अॅक्सलवर चढवणारे पुष्कळ आहेत, पण त्यासाठी मागचा धुळीचा पत्रा कापावा लागतो. रेंज रोव्हर क्लासिकच्या सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक कॅलिपरला दोन-दोन होज असायचे, म्हणजे एक सर्किट गेलं तरी दुसरं पुढची चाकं धरेल. अशा गाडीला एका होजचा कॅलिपर ‘बसतोय’ म्हणून बसवला तर नुसतं भोक बुजवून भागत नाही, पाइपांची मांडणीच बदलावी लागते.

त्यामुळे कॅलिपर काढून व्हर्नियर हातात घ्या. डिस्कचा व्यास आणि जाडी, डिस्क सॉलिड की व्हेंटेड (मधे हवेच्या फटी असलेली), पिस्टनचा व्यास, दोन माउंटिंग बोल्टमधलं अंतर आणि त्यांचे आटे, पॅडचा आकार, होज लागतो त्या भोकाचे आटे हे सगळं कागदावर उतरवा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याखाली गेली असेल तर तीही बदला. नाहीतर नव्या कॅलिपरचा पिस्टन गरजेपेक्षा बाहेर राहून चिखल खातो.

पिस्टनच्या व्यासावर जरा थांबतो, कारण ‘मोठा पिस्टन, चांगला ब्रेक’ हा समज चिवट आहे. ५४ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २२.९ चौरस सेंटिमीटर, ६० मिलिमीटरच्या पिस्टनचं २८.३. म्हणजे तेवढ्याच पेडलदाबाला पॅड जवळपास २३ टक्के जास्त आवळलं जाईल, पण ऑइलही तेवढंच जास्त लागेल. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल खोल जाणार. शिवाय पुढचे ब्रेक एकदम कडक आणि मागचे होते तसेच, म्हणजे निसरड्या उतारावर पुढची चाकं आधी अडकणार आणि स्टिअरिंग हातातून गेल्यात जमा. मोठे कॅलिपर घालायचेच असतील तर मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि मागच्या ब्रेकचा हिशेब आधी मांडा. दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरशी तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, चारही नाही. इथे खूप जण फसतात.

फिक्स्ड की फ्लोटिंग? माझं मत: गाडीला मुळात जे होतं तेच ठेवा. फ्लोटिंगच्या पिन चिखलात जाम होतात हे खरं, पण त्या साफ करायला अर्धा तास पुरतो. चार पिस्टनच्या फिक्स्डला पिन नसतात, पण गंजायला चार पिस्टन असतात.

पिस्टन कशाचा आहे हेही विचारा. क्रोम चढवलेल्या लोखंडी पिस्टनवर बूट फाटून चिखलपाणी गेलं की बारीक खड्डे पडतात, आणि सील नेमकं त्याच पृष्ठभागावर बसतं. स्टेनलेसचा गंजायला तयार नसतो. फिनोलिक, म्हणजे राळेचा पिस्टन उष्णता ऑइलपर्यंत कमी पोचवतो, पण त्याच्या कडेचे टवके उडतात. पाण्या-चिखलात जाणाऱ्या गाडीला मी स्टेनलेस घेईन.

रिकंडिशन कॅलिपर वाईट नसतो, पण रंग बघून भुलू नका. बूट बाजूला करून पिस्टन बघा. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे सील बसतं ती खाच. खाचेच्या तळाशी गंज राहिला तर तो सीलला मागून ढकलतो, सील पिस्टनला गच्च आवळतं आणि नव्या रबरासह तुमचा कॅलिपर पहिल्या दिवसापासून चिकटू लागतो. स्वतःच्या कॅलिपरची खाच आणि पिस्टन चांगले असतील तर सील-बूटचं किट आणून घरी बांधणं केव्हाही बरं. सीलला आणि पिनच्या रबराला साधं ग्रीस लावू नका. पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा.

डावा-उजवा अदलाबदल होऊ शकतो हे ऐकून हसू येईल, पण होतो. काही कॅलिपर दोन्ही बाजूंना आरामात बसतात. फरक एवढाच की ब्लीड निपल वर यायच्या ऐवजी खाली येतो. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि तुम्ही दोन बाटल्या ऑइल ओतून पेडल स्पंजसारखं का लागतंय म्हणून डोकं धरून बसता. निपल नेहमी सगळ्यात वर.

बसवल्यावर चाक चढवून हाताने पूर्ण फिरवा आणि रिम व कॅलिपरमधली फट बघा. रस्त्यावर चालून जाईल एवढी बारीक फट खडकाळ वाटेवर चालत नाही. तिथे खडा अडकतो आणि रिमच्या आत गोल चर पाडतो.

होज

होज जोडीनेच बदला, एकीकडचा नको. लांबी जुन्या होजवरून ठरवू नका, विशेषतः सस्पेन्शन बदलून गाडी उचललेली, म्हणजे उंच केलेली असेल तर. चॅसी स्टँडवर ठेवून अॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत. सगळ्यात ताणलेल्या स्थितीतही होजला थोडी ढील हवी. मग सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना तो टायरला किंवा स्प्रिंगला शिवत नाही ना ते बघा. अति लांब होजही त्रास देतो. होज थोडा आखूड पडतोय म्हणून ब्रॅकेट वाकवून भागवणं, हा प्रकार मी आधीच्या मालकाच्या कृपेने पाहिलाय.

चांगल्या होजवर लांबीच्या दिशेने समोरासमोर रेषा छापलेल्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. बसवल्यावर रेषा सरळ राहिली पाहिजे. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली तर होज पिळला गेलाय, सोडून परत बसवा. ‘एचआर’ किंवा ‘एचएल’ अशी अक्षरं असतात, पहिलं साध्या फुगवट्याच्या होजसाठी, दुसरं कमी फुगणाऱ्यासाठी. उत्पादनाची तारीखही असते. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला होज नवा नसतो.

रबरी की स्टील ब्रेडेड? ब्रेडेडच्या आत टेफ्लॉनची नळी असते, ती फुगत नाही, पेडल टणक लागतं. पण वरच्या जाळीत बारीक वाळू शिरली की ती आतल्या नळीला करवतीसारखी घासते, आणि जाळीमुळे आतलं काही दिसत नाही. घ्यायचाच तर वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेला आणि टोकं कारखान्यात दाबून बसवलेली असलेला घ्या. मी स्वतः पुन्हा साधे रबरीच लावले.

आता आटे. जुन्या गाड्यांत इथे सगळ्यात धोकादायक चूक होते. एम१० गुणिले १ हा मेट्रिक आटा आणि ३/८ इंच यूएनएफ हा जुना इंची आटा डोळ्यांना एकसारखे दिसतात. एकाचा व्यास १० मिलिमीटर, दुसऱ्याचा साडेनऊ. एकाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर, दुसऱ्याचा जेमतेम १.०६. इंची नट मेट्रिक भोकात डुगडुगत का होईना, शिरतो, आवळलाही जातो, आणि जोरात ब्रेक मारण्याच्या क्षणी आटे सोडून बाहेर येतो. पिच गेजशिवाय हे ठरवू नका. नट हाताने शेवटपर्यंत जाताना सैल वाटला किंवा दोन आट्यांत अडला तर तिथेच थांबा. पाइपच्या तोंडाचाही फरक असतो: एकात नरसाळ्यासारखं आत दुमडलेलं डबल फ्लेअर, दुसऱ्यात गोळीसारखं बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरं कितीही आवळा, झिरपणारच. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे, आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच.

बाकीचं पटापट

ब्रेक ऑइल सगळं बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची प्रत) ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर हा फरक थेट पायाला जाणवतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. ५.१ मात्र डॉट ३-४ च्याच जातीचं. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. मग एक होज आणि एक कॅलिपर बदलून भागत नाही, सिस्टिममधलं सगळं रबर बदलावं लागतं.

मागच्या अॅक्सलला दांडी जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (भार बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल आणि गाडी उचललेली असेल, तर त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. तो मागचे ब्रेक कमी करतो, सगळा भार पुढच्या पॅडवर येतो आणि ते लवकर संपतात. दांडीचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करून घ्या.

हवा काढूनही वळणानंतर पहिलं पेडल खोल जात असेल तर चाकाचं बेअरिंग हलवून बघा. सैल बेअरिंगमुळे डिस्क डुलते आणि पिस्टनला आत ढकलते. याला कॅलिपर काय करणार?

दोन्ही होज, दोन्ही वरचे ब्रॅकेट आणि ऑइल एवढं बदलल्यावर त्याच वाटेने, तेवढाच वेळ गाडी चालवून मोजलं. डावी डिस्क ९५, उजवी १००. कॅलिपर तोच, तिसऱ्या वेळी निर्दोष ठरलेला. पहिल्या खडबडीत फेरीनंतर टॉर्च घेऊन खाली शिरलो तेव्हा डाव्या होजवर नखाएवढी चकचकीत खूण सापडली, पूर्ण वळवल्यावर टायर शिवत होता. बँजो थोडा फिरवून होज आतल्या अंगाला घेतला, नवे वॉशर टाकले, आणि परत हवा काढली. डाव्या कॅलिपरची खालची पिन अजून जराशी खरखरते. ती पुढच्या रविवारी.